डेसच्या टेबलावर जिंकणारा कंपायलर

डेस ट्रिफिटनं सगळ्यांना बिअर पाजली, ही बातमी मूना भागात दुपारपर्यंत पसरली. ती पसरवण्यात माझा हात नव्हता असं मी म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून म्हणत नाही. आमच्या होबार्टात पबात बसलं की एकेकानं आपल्या पाळीला सगळ्या टेबलाचे ग्लास भरायचे. डेसची पाळी जवळ आली की त्याला नेमकी लघवीला लागायची, आणि तो परत येईपर्यंत दुसऱ्या कुणीतरी ग्लास भरलेले असायचे. इतकी वर्षं त्याची ही तब्येत आम्ही सांभाळून घेतली होती. आणि त्या मंगळवारी हा गडी इस्त्रीचा शर्ट घालून, कुणी न सांगता, स्वतः उठून काउंटरवर गेला.

दुसऱ्या दिवशी बेकरीत ग्लेनिस भेटली. ग्लेनिस म्हणजे डेसची बायको. तिला मी सांगितलं तर हातातला पाव तसाच धरून म्हणाली, "कोण मेलं?"

"कुणी मेलं नाही. क्वॉल जिंकला."

"अगंबाई," ती म्हणाली, "मग आता महिनाभर घरात राहायची सोय नाही."

क्वॉल म्हणजे आमचा कंपायलर. आमच्या बेटावर क्वॉल नावाचं ठिपक्याठिपक्यांचं, मांजराएवढं एक जनावर असतं. कोंबड्या पळवतं, हातात सापडत नाही. डेसनं त्याच्यावरून नाव ठेवलं. आणि कंपायलर म्हणजे काय, हे मी ग्लेनिसला एकदा सांगितलं होतं तसंच सांगतो, कारण इतक्या वर्षांचा संसार झाला तरी डेसला तिला ते सांगता आलं नव्हतं. माणूस आपल्याला समजेल अशा भाषेत हिशेब लिहितो. यंत्राला ती भाषा कळत नाही. मधला दुभाष्या तो कंपायलर. आता एकच मजकूर दोन दुभाष्यांना दिला तर अर्थ दोघंही तोच सांगतील, पण एक जण पाल्हाळ लावेल आणि दुसरा चार शब्दांत उरकेल. ज्याचं भाषांतर आटोपशीर, त्यावर यंत्र भरभर पळतं. कुणाचं भाषांतर किती पळतं, यावर आमच्या कंपनीचं पोट होतं.

कंपनी म्हणजे मूनातल्या टायरच्या दुकानावरचे दोन मजले आणि मागच्या जिन्यात सिगारेट ओढणारी मॉरीन. मॉरीन मालकीण. मी ग्राहक सांभाळायचो. डेस क्वॉलचा तो शेवटचा भाग लिहायचा, जिथे यंत्राची एकेक आज्ञा निवडून ओळीत बसवावी लागते. ते काम त्याच्याइतकं चांगलं बेटावर कुणाला येत नव्हतं, आणि हे तो स्वतःच सांगायचा. सांगायचा कसला, ऐकवायचा. नव्या माणसाशी हात मिळवताना तो नाव सांगायच्या आधी विचारायचा, "तू काय वापरतोस?" उत्तर क्वॉल नसलं की हात सैल सोडायचा.

डेस म्हणजे सिग्नेट गावच्या सफरचंदवाल्यांचं पोर. इंग्लंडनं आमची सफरचंदं घ्यायची बंद केली तेव्हा सरकारनं बागा उपटायचे पैसे दिले. ट्रिफिटांच्या बागेत साखळी बांधून झाडं ओढायचा ट्रॅक्टर डेसनं चालवला, आणि त्याच्या बापानं त्या दिवशी घराचे पडदे ओढून घेतले. हे मला डेसनं सांगितलेलं नाही, ग्लेनिसच्या बहिणीनं सांगितलं. डेस त्याबद्दल एवढंच म्हणायचा, की सफरचंदाचं झाड दिसतं त्यापेक्षा सोपं निघतं.

त्याच्या घमेंडीला एकदाच टाचणी लागली होती, तीही सांगून टाकतो, नाहीतर मला झोप येणार नाही. क्वॉल नवीन असताना डेसनं शर्यत लावली. म्हणजे एक मोठा हिशेब क्वॉलकडून आणि एका परदेशी कंपायलरकडून भाषांतरित करून घेतला आणि दोन्ही पळवून घड्याळ लावलं. परदेशी गडी बराच वेळ घुरघुरत बसला. क्वॉलचं मात्र बटण दाबलं न दाबलं तोच काम संपलं. डेस खुर्चीवर उभा राहिला! मॉरीननं शॅम्पेन आणली. मग स्वागतिकेनं, हो, टेलिफोन घेणाऱ्या बाईनं, सहज विचारलं, "पण उत्तर काय आलं?" उत्तर कुठंच नव्हतं. डेसनं उत्तर छापायचं सांगितलंच नव्हतं. क्वॉलनं पाहिलं, की ह्या हिशेबाचं उत्तर कुणीच विचारणार नाही, मग हिशेब करायचा कशाला? आणि त्यानं सगळा हिशेबच गाळून टाकला होता. त्यानंतर वर्षभर कुणी काम टाळलं की ऑफिसात म्हणायचे, "डेस, ह्याला तूच शिकवलंस का?"

पण हसण्याचे दिवस संपत आले होते. इंटरनेटवर एक कंपायलर फुकट मिळायचा. जगभरची माणसं तो फावल्या वेळात सुधारायची. आम्ही त्याला फुकट्या म्हणायचो. सुरुवातीला फुकट्या इतका संथ होता की डेस त्याचे आकडे चहाच्या वेळी करमणूक म्हणून वाचून दाखवायचा. पुढं पुढं वाचेनासा झाला. आमचे ग्राहक एकेक करून निघून गेले. खाणवाले गेले, धरणवाले गेले. शेवटी भरवशाचा असा एकच उरला, दक्षिणेच्या खाडीत सॅमन माशांचे पिंजरे असलेली कंपनी. पाण्याचा ओघ कुठं वळेल, कुठल्या पिंजऱ्यात प्राणवायू कमी पडेल, ह्याचा हिशेब त्यांचा प्रोग्राम रोज सकाळी करायचा. तो माशांना खाणं टाकायच्या आत संपायला हवा. म्हणून त्यांना वेगाची किंमत होती.

तिथली हिशेबाची मुख्य टॅम्सिन नावाची मुलगी. समुद्राच्या पाण्यावर डॉक्टरेट केलेली, कायम गमबुटात. तिनं सरळ कळवलं, की आमच्याच प्रोग्रामवर दोघांची शर्यत लावू. क्वॉल ठळक पुढे असेल तर पैसे भरून ठेवू. नसेल तर फुकटात मिळतंय ते का घेऊ नये?

मॉरीननं डेसला जिन्यात बोलावलं. मी वरच्या पायरीवर बुटाची नाडी बांधत होतो.

"ही टॅम्सिन गेली की क्वॉलला कुलूप," ती म्हणाली. "आणि तुलाही, डेस. तुझ्या वयाच्या माणसाला ह्या बेटावर दुसरं कोण घेणार ते मला माहीत नाही."

"ती कुठं जातीय?" डेस म्हणाला. "त्या फुकट्याला माझ्या क्वॉलच्या शेपटीचा वाससुद्धा येणार नाही."

तेव्हा तो असं बोलला खरा, पण खाली आल्यावर त्यानं चहात दोनदा साखर घातली आणि तो चहा प्यालाच नाही.

मग ती मंगळवारची शर्यत. टॅम्सिनचा प्रोग्राम, तिच्याकडे होतं अगदी तसलंच यंत्र, डेसचं टेबल. पुन्हा पुन्हा पळवून पाहिलं. दर वेळी क्वॉल पुढे, चांगला दहावा हिस्सा पुढे. म्हणून तर ती बिअर. मॉरीननं पबातूनच टॅम्सिनला फोन लावला आणि फोनवरच तिचं अभिनंदन करून टाकलं.

आठवड्याच्या शेवटी टॅम्सिनचा फोन आला. मॉरीननं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला, स्तुती ऐकायला मिळेल म्हणून.

"माझ्याकडे उलटं आलंय," टॅम्सिन म्हणाली. "फुकट्या पुढे आहे."

डेस हसला. "अगं, तू नावं उलटी लिहिली असशील."

"डेस, मला डावं-उजवं कळतं."

"मग यंत्र गरम झालं असेल. खिडकी उघड."

"इथं खिडकी उघडली तर खाडीतलं सील आत येईल. तू ये आणि स्वतः बघ."

तो गेला. स्वतःची डिस्क खिशात घालून, दोन्ही भाषांतरं जशीच्या तशी तिच्यावर उतरवून. मी बरोबर होतो, कारण ग्राहक रागावला की माझं काम सुरू होतं, आणि खरं म्हणजे मला बघायचं होतं. त्यानं ती टॅम्सिनच्या यंत्रावर, तिच्या फोल्डरात उतरवली आणि शर्यत लावली. फुकट्या पुढे. पुन्हा लावली. फुकट्या पुढे. टॅम्सिननं चहा दिला तर म्हणाला, "तुझ्या यंत्राला माशाचा वास लागलाय."

"वास मला लागलाय," ती म्हणाली. "यंत्र एसीत असतं."

आता डेसनं हट्ट धरला, की यंत्रातच खोट आहे. टॅम्सिन भली पोरगी. तिनं ते दोन दिवसांपुरतं उसनं दिलं. त्यानं ते घोंगडीत गुंडाळून आपल्या यूटमध्ये, म्हणजे मागून उघड्या असलेल्या गाडीत, पुढच्या सीटवर ठेवलं, त्याला पट्टा बांधला आणि मला मागं उघड्यावर, पावसात बसवलं. मूनाला आल्यावर यंत्र त्याच्या टेबलावर मांडलं, आपली नेहमीची फोल्डरं त्यावर चढवली आणि शर्यत लावली.

क्वॉल पुढे. दहावा हिस्सा.

तेच यंत्र परत खाडीवर नेलं, तिच्या फोल्डरातून शर्यत लावली. फुकट्या पुढे.

ऑफिसात काय हशा झाला म्हणता! कुणी म्हणालं, टेबलाला भूत लागलंय. मॉरीन म्हणाली, "आपण कंपायलर विकणं बंद करू. टॅम्सिनला डेसचं टेबलच विकू." सगळे हसले. डेसही हसायला गेला, पण त्याचं तोंड मध्येच थांबलं. ते बघून मग कुणी त्या टेबलाचा विषय काढला नाही. निदान त्याच्या समोर नाही.

टॅम्सिननं निर्णयाला पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत दिली. त्या दिवसांत डेसकडे बघवत नव्हतं. मेमरीच्या पट्ट्या बदलल्या. वायर बदलली. ज्या भिंतीतून वीज यायची ती भिंत बदलली, म्हणजे टेबल ओढत मॉरीनच्या खोलीत नेलं. काही फरक नाही. स्कॅलप पायवर, म्हणजे शिंपल्यांचं सारण भरलेल्या पॅटिसवर, जीव टाकणारा माणूस, पण पॅटिस टेबलावर थंड होऊन जायचं आणि टायरवाल्याचं कुत्रं खायचं. दाढी एका गालाची व्हायची, दुसऱ्याची राहायची.

ग्लेनिसनं मला बेकरीबाहेर गाठलं. 

"काल जेवताना काटा हातात धरून बसला होता," ती म्हणाली. "मग मला विचारतो, ग्लेनिस, मी मूर्ख आहे का गं?"

"तू काय म्हणालीस?"

"मला काही सुचलंच नाही. आमच्या सगळ्या संसारात त्यानं फक्त दुसरे मूर्ख आहेत का, एवढंच विचारलंय."

यावर मला एक चांगला टोमणा सुचला होता. मी तो गिळला.

गुरुवारी दुपारी, जेवणानंतर, ते झालं. मी त्याच्या मागं उभा होतो. मी नेहमीच कुणाच्या तरी मागं उभा असतो. डेस संतापला होता. त्यानं एक नवं फोल्डर बनवलं आणि त्याला नाव म्हणून फुकट्याच्या आई-वडिलांविषयी एक लांबलचक वाक्य दिलं, जे मी इथं लिहीत नाही. त्यात दोघांची भाषांतरं उतरवली आणि रागारागानं शर्यत लावली.

फुकट्या पुढे.

त्याच्याच टेबलावर. त्याच्याच यंत्रावर.

 डेसनं हळूच फोल्डरच्या नावातली शेवटची शिवी खोडली. क्वॉल थोडा सरकला. आणखी चार अक्षरं खोडली. क्वॉल पुढे. दोन अक्षरं वाढवली. फुकट्या पुढे. मग तो शिव्यासुद्धा विसरला आणि नुसतं एकच अक्षर पुन्हा पुन्हा लिहून नाव वाढवत राहिला. क्वॉल पुढे, मागे, मागे, पुढे.

"हे काय चाललंय?" मी म्हणालो. "यंत्राला नाव आवडतं की काय?"

"गप रे," तो म्हणाला, पण आवाजात धार नव्हती.

मग त्यानं मला समजावलं, म्हणजे मी तिथं होतो म्हणून स्वतःला समजावलं. प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी यंत्र त्याच्यासाठी मेमरीच्या टोकाला थोडी माहिती ठेवतं. तू कोण, कुठल्या फोल्डरमधून आलास, असली. प्रोग्रामचे स्वतःचे आकडे त्या माहितीच्या शेजारून पुढं बसतात. फुटबॉलच्या मैदानावर बाकांची रांग असते ना, तसं. टोकाला एखादा जाडा येऊन बसला की सगळी रांग सरकते, आणि कुणीतरी बिचारा नेमका दोन बाकांच्या फटीवर येतो. यंत्र एका वेळी एकच बाक उचलतं. फटीवर बसलेल्यासाठी त्याला दोन बाक उचलावे लागतात. असा हेलपाटा कोटी वेळा झाला की झाला दहावा हिस्सा. डेसच्या फोल्डरच्या नावात त्याचं अख्खं नाव होतं, डेसमंड आर्थर ट्रिफिट, आडनावासकट. त्या लांबीला क्वॉलची माणसं नीट बाकावर बसायची आणि फुकट्याची फटीवर यायची. टॅम्सिनच्या फोल्डरला नुसतं 'ओघ' असं छोटं नाव. तिथं उलटं.

"म्हणजे," मी म्हणालो, "इतके दिवस क्वॉल नाही, तुझा बाप जिंकत होता. नाव त्यानंच ठेवलं ना?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं हे बोलायला नको होतं.

मॉरीनला सांगितलं तेव्हा ती जिन्यात टाळ्या वाजवायला लागली. "मग झालंच की! टॅम्सिनला सांग, फोल्डरला हे नाव ठेव. चांगल्या शब्दांत लिहून देऊ, उत्तम वेगासाठी अमुक नाव वापरावं. बस्स."

"तसं मग फुकट्यालाही त्याच्या सोयीचं नाव द्यायला पाहिजे," डेस म्हणाला.

"ते सांगायला मी तुला पगार देत नाही."

"मॉरीन, हे खरं नाहीये."

"खोटं काय आहे त्यात? तिच्या यंत्रावर, तिच्या डोळ्यांसमोर क्वॉल जिंकेल. उद्या, परवा, रोज सकाळी जिंकेल. ह्याहून खरं काय असतं?" मग ती जरा हळू झाली. "डेस, तुला कळतंय ना, उद्या शुक्रवार आहे?"

त्याला कळत होतं. तो खाली आला आणि यंत्राला कामाला लावलं. आखूड नावापासून लांबलचक नावापर्यंत प्रत्येक लांबीचं फोल्डर बनवायचं, प्रत्येकात दोघांना पळवायचं आणि प्रत्येक धावेचा एक ठिपका कागदावर मांडायचा. क्वॉलचा निळा, फुकट्याचा तांबडा. यंत्र काम करत राहिलं आणि शुक्रवारी सकाळी आम्ही आलो तेव्हा कागद छापून पडला होता.

डेसनं चष्मा पुसला. कागद खिडकीपाशी नेला. डोंगरावर बर्फ पडलं होतं आणि उजेड चांगला होता.

"तुला निळा पुढे दिसतो का?" त्यानं मला विचारलं.

मी बघितलं. निळे ठिपके आणि तांबडे ठिपके एकमेकांत मिसळलेले. जांभळा ढग नुसता.

"मला एकच ढग दिसतोय, डेस."

"जरा डोळे बारीक करून बघ."

मी केले. "एकच."

"हो ना," तो म्हणाला. आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. क्वॉल फुकट्यापेक्षा वाईट नव्हता. चांगलाही नव्हता. त्यात त्याच्या आयुष्याचा मोठा भाग गेला होता, आणि दोघांत काहीही फरक नव्हता.

मला वाटलं, हा आता गप्प बसेल. खाडीपर्यंतच्या रस्त्यात मी त्याच्याकडे बघत होतो. एका हातानं गाडी, दुसरा हात खिशातल्या कागदावर. एकदा वाटेतल्या ह्यूऑनव्हिलच्या पुलाआधी त्यानं गाडी बाजूला घेतली, कागद काढला, बघितला, परत ठेवला. म्हणाला, "एकच नाव सांगायचंय तिला. एक नाव."  मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की नाव सांग आणि मोकळा हो, पण त्यानं विचारलं नाही.

टॅम्सिनच्या खोलीत त्यानं कागद उलगडला आणि सगळं सांगून टाकलं. बाक, फट, जाडा माणूस, सगळं. मध्ये थांबला नाही, थांबला असता तर पुढचं बोलता आलं नसतं. टॅम्सिनला अर्ध्यातच कळलं होतं. तिनं कागद टेबलावर पसरवला, त्यावर बोट फिरवलं.

"म्हणजे माझ्याकडे फुकट्या जिंकला, तेही काही खरं नाही?"

"नाही."

"मग बरोबरी."

"बरोबरी," डेस म्हणाला.

बाहेर पिंजऱ्यांवर गलबत येऊन लागलं होतं आणि माणसं ओरडत होती.  टॅम्सिनला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, आणि त्यानं काही फरक पडणार नाही हेही दिसत होतं.

"डेस, बरोबरी असेल तर मी वरच्या लोकांना काय सांगू? पैसे कशाचे द्यायचे?"

डेसनं तोंड उघडलं. मला वाटलं आता तो नेहमीसारखा ऐकवेल. त्यानं टेबलावरच्या कागदाच्या कडा सरळ केल्या.

"तू मला नुसतं नाव सांगितलं असतंस," ती हळूच म्हणाली, "तर मी ठेवलं असतं रे. मला काही कळलं नसतं."

"माहितीये."

"मग?"

"तू कधीतरी ते नाव बदललं असतंस," डेस म्हणाला.

बाहेर आल्यावर त्यानं यूटची किल्ली माझ्या हातात दिली. ती गाडी त्यानं ग्लेनिसलासुद्धा कधी चालवू दिली नव्हती. मी चालवली. सगळ्या वाटेत तो एकच वाक्य बोलला, "मॉरीनला तूच सांग." मी सांगितलं. मॉरीननं सिगारेट पेटवली, विझवली आणि म्हणाली, "मूर्ख. चांगला, पण मूर्ख." वर्ष संपायच्या आत क्वॉलचा विभाग बंद झाला. डेसला दुसरं काम मिळालं नाही. त्याचा स्वभाव बेटावर सगळ्यांना माहीत होता, आणि त्यात माझा वाटा किती, ते सोडा.

आता तो सिग्नेटला बापाच्या घरात राहतो. मी महिन्यातून एकदा जातो. ग्लेनिस मुरंबे करून शनिवारच्या बाजारात विकते. डेस मागच्या खोलीत ते जुनं यंत्र घेऊन बसलेला असतो. फुकट्याची नवी आवृत्ती आली की तो उतरवून घेतो आणि क्वॉलशी शर्यत लावतो. तीच पद्धत, सगळ्या लांबीची नावं, निळे ठिपके, तांबडे ठिपके. क्वॉल आहे तिथंच आहे, त्याला सुधारणारा कुणी नाही, आणि तो कंपनीचा असल्यामुळे त्यात हात घालायची डेसला परवानगी नाही. फुकट्या मात्र जगभरच्या माणसांच्या जिवावर वाढतोय. आधी ढग एकच होता. मग त्याची तांबडी बाजू जरा लांबट झाली. मी बघून म्हटलं, "अजून एकच आहे." तो म्हणाला, "तुला चष्मा लागलाय."

गेल्या रविवारी सकाळी त्याचा फोन आला. डेस फोन करत नाही, म्हणून मी घाबरलो.

"दोन झाले," तो म्हणाला.

"काय दोन झाले?"

"ढग. मध्ये फट पडली. एकही निळा तांबड्यात नाही."

"कुठला पुढे?" मी विचारलं आणि जीभ चावली.

"विचारतोस काय लेका." मागं यंत्राचा पंखा घरघरत होता. "सगळी नावं तपासली. असं एकही नाव नाही ज्यात क्वॉल जिंकतो. आधी निदान अर्ध्या नावांत तरी जिंकायचा. आता एकही नाही रे."

मी काहीतरी गमतीचं बोलावं म्हणून शोधत राहिलो.  शेवटी विचारलं, "आता काय करतोयस?"

"आणखी लांब नावं टाकून बघतोय."

लांब नावांचा उपयोग नसतो. बाक संपला की दुसरा बाक सुरू होतो आणि पहिल्यापासून तेच ते परत येतं, हे त्यानंच मला शिकवलं होतं.  त्याच्या मागून ग्लेनिसचा आवाज आला, जेवण वाढलंय, चार वेळा सांगितलं, आता येतोस की नाही.

"आलो गं," डेस म्हणाला. "एवढं एक नाव होऊ दे."